ढगाखालचं पोवळं

पुण्याच्या कसबा पेठेत यज्ञेश्वर मेढेकरांबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. माणूस चुकत नाही, आणि म्हणूनच त्याच्या वाटेला जाऊ नये.

त्यांची उमेदीची सगळी वर्षं शनिवार पेठेतल्या एका सर्व्हेअरकडे नकाशे काढण्यात गेली. वाटणीचे नकाशे, खरेदीचे नकाशे, कोर्टात एकमेकांच्या तोंडावर फेकायचे नकाशे. ट्रेसिंगच्या निळसर कापडावर शाईची रेघ ओढायची ती केसाएवढी, पण तिच्या अलीकडे थोरला भाऊ आणि पलीकडे धाकटा. रेघ हलली की घर हललं. यज्ञेश्वरांची कधी हलली नाही. नकाशात रिकामी जागा सोडायची नाही, ही त्यांची शिस्त. सोडली तर उद्या तिथेच भांडण उगवतं. आता एखाद्या खोलीला कुलूप असतं, एखाद्या बोळात कुत्रा मोकळा असतो, टेप पोचत नाही. मग काय करायचं? भिंतीचं हे टोक बघायचं, ते टोक बघायचं, आणि मधली भिंत जोडून टाकायची. कसब्यातली भिंत कितीही पोक काढून उभी असली तरी या टोकाहून निघाली की त्या टोकाला पोचतेच. त्यामुळे न बघता काढलेली भिंतही बरोबर निघायची. यज्ञेश्वरांना वाटायचं, हा आपल्या हाताचा गुण. तो पेठेचा गुण होता, पण ते कळायला त्यांना समुद्रापर्यंत जावं लागलं.

नोकरीतली ही सवय घरी येताना ते टेबलावर ठेवून आले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या महिपतींच्या नातवाचं बारसं होतं. सगळे पाळण्यापाशी, आणि हे मोरीपाशी. पेढा तोंडात असतानाच म्हणाले, "महिपतराव, मोरी चार बोटं बाहेर आलीय तुमची." गोष्ट खरी होती, म्हणूनच महिपतींनी बोलणं टाकलं. खोटी असती तर कडाडून भांडले असते आणि दुसऱ्या दिवशी चहाला आले असते.

आणि सरोजिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, तिचं काय सांगावं! लग्नात सप्तपदीच्या वेळी भटजी एक पाऊल गाळून पुढे गेले, तर नवरदेवांनी त्यांना थांबवून सगळं पहिल्यापासून चालायला लावलं. सरोजिनीबाई म्हणायच्या, "तेव्हाच पळायला हवं होतं, पण उपरण्याला गाठ होती." इतक्या वर्षांच्या संसारात "माझं चुकलं" हे दोन शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. आमटी खारट झाली तर ती त्यांनी केली; फिकी झाली तर मीठ त्यांनी आणलं; आणि स्वतः यज्ञेश्वरांनी एकदा दूध उतू घालवलं, तेव्हा पातेलं लहान निघालं होतं.

मग कॉम्प्युटर आले. सर्व्हेअरच्या मुलानं एक यंत्र आणून ठेवलं, त्यातून नकाशे धडाधड बाहेर पडायला लागले, आणि यज्ञेश्वरांच्या हातात नारळ पडला. नारळ म्हणजे अगदी खरोखरचा, शालीसकट. सरोजिनीबाईंनी त्याची वडीसुद्धा केली नाही. पन्नाशीला आलेला माणूस दिवसभर घरात, त्यात हा. चार दिवसांत त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, पाचव्या दिवशी सरोजिनीबाईंनी देव पाण्यात ठेवले.

देव पावला तो हडपसरला. तिथे आदल्या साली जिथे कोबी होता तिथे काचेची इमारत उभी राहिली होती, आणि तिच्यात आमोद नावाच्या एका तरतरीत मुलाची नकाशांची कंपनी होती. आमोद वयानं यज्ञेश्वरांच्या मुलासारखा, पण साहेब. त्याला हवी होती रेघ ओढणारी माणसं. "पोरांना कॉम्प्युटर येतो काका, रेघ येत नाही," तो म्हणाला. यज्ञेश्वर म्हणाले, "आम्हाला रेघ येते, साहेब व्हायला येत नाही." आमोदनं हे मुलाखतीत चांगलं उत्तर म्हणून धरलं.

तेव्हापासून सकाळी कसब्यातून मंडई, मंडईतून स्वारगेट, तिथून हडपसरची बस. कचेरीत एसीनं इतकं गार की भर मे महिन्यात सरोजिनीबाईंनी स्वेटर दिला. पेठेत बातमी झाली की मेढेकरांना बर्फाच्या कारखान्यात लागलं.

काम काय, तर समुद्राचं. आपला एक उपग्रह आकाशात फिरतो आणि वरून फोटो काढतो. आमटी ढवळली नसली की तळाला बसलेली डाळ वरून दिसते ना, तसा उथळ समुद्राचा तळ त्या फोटोत उतरतो. लक्षद्वीपकडच्या एका बेटाभोवती पोवळ्यांचं कडं आहे. पोवळं म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालतात ते, एवढंच पेठेला ठाऊक. हे त्याचं दूरचं नातेवाईक. बारकेबारके जीव एकमेकांना चिकटून घरं बांधतात, मेले की घर मागे राहतं, त्यावर पुढची पिढी मजला चढवते आणि हवा यायला जागा म्हणून ठेवत नाही. यज्ञेश्वरांना यात नवीन काही वाटलं नाही, ते तसल्याच ठिकाणी जन्मले होते. तर पाणी फार तापलं की हे जीव पांढरे पडून मरतात. म्हणून थोड्याथोड्या वर्षांनी फोटो घ्यायचा, त्याचा नकाशा करायचा, आणि जुन्यावर नवा ठेवून काय गेलं, काय राहिलं ते पाहायचं. कोचीच्या एका संस्थेचं हे काम. त्यांनी त्यातलं रेघा ओढण्याचं काम पुण्याला दिलं, कारण रेघा ओढायला समुद्र लागत नाही.

यज्ञेश्वरांनी समुद्र पाहिला होता एकदाच, हरिहरेश्वरला. त्याला हद्द नाही म्हणून तो त्यांना आवडला नव्हता.

पण इथे तो पडद्यावर बसून राहायचा. जिवंत पोवळं गुलाबी, मेलेलं राखाडी, वाळू पिवळी, समुद्रातलं गवत हिरवं, खोल पाणी निळं. फोटो बघायचा, कडेकडेनं रेघ फिरवायची, आत रंग भरायचा. यज्ञेश्वरांचा हात असा बसला की बाजूच्या खुर्चीवरची अपेक्षा बघतच राहायची. ही अपेक्षा वाशीमची, कॉम्प्युटरचं शिकून पुण्याला आलेली, तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. कामाला हुशार, बोलायला त्याहून.

त्या पहिल्या फोटोत बेटाच्या पूर्वेच्या अंगावर एक ढग आला होता. भाकरीवर कुणी दह्याचा गोळा ठेवावा तसा. नियम असा होता की ढगाला ढग म्हणायचं, त्याच्याभोवती रेघ काढायची, पांढरं सोडायचं आणि आत लिहायचं, माहीत नाही. यज्ञेश्वरांनी नियम वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. भरलेल्या नकाशात पांढरं भोक ठेवायचं आणि वर ते लिहूनही द्यायचं? त्यांना ते धोतर फाटलेलं असताना लग्नाला जाण्यासारखं वाटलं. त्यांनी ढगाचं हे टोक पाहिलं, ते टोक पाहिलं, आणि मधे झकास गुलाबी पोवळं भरून टाकलं.

अपेक्षा वाकून बघायला लागली. "काका, इथं तर काहीच दिसून नाही राहिलं. पोवळं कुठून आणलं तुम्ही?"

"अलीकडे काय आहे?"

"पोवळं."

"पलीकडे?"

"पोवळं."

"मग मध्ये काय दत्ताचं देऊळ असेल?"

अपेक्षा आपल्या पडद्याकडे वळली. पुण्यात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते, प्रश्नाला प्रश्नानं मारायची रीत अजून अंगवळणी पडायची होती.

आता गंमत बघा. काम तपासायला एक यंत्र होतं. ते यंत्र समुद्र बघत नव्हतं, उपग्रहही बघत नव्हतं. रेघा नीट मिळाल्यात का, मध्ये कुठे फट राहिली का, एवढंच बघायचं. अपेक्षाच्या वाट्याला आलेल्या फोटोतही ढग होता, आणि तिच्या रेघा त्याच्यापाशी येऊन बावचळून थांबल्या होत्या. तिचं काम लाल खुणा होऊन परत आलं. यज्ञेश्वरांचं एकही रेघ न अडता पार झालं. आमोदनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "काकांसारखं करा," आणि पाण्याच्या फिल्टरशेजारच्या फळ्यावर यज्ञेश्वरांचा फोटो लागला. फोटोत स्वेटर होता.

पुढे यज्ञेश्वर दुसऱ्या कामांना लागले, खाड्या झाल्या, जंगलं झाली. दोन-अडीच वर्षांनी त्याच बेटाचा नवा फोटो आला. आभाळ या वेळी घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखं स्वच्छ. तो अपेक्षानं रंगवला, जसं दिसलं तसं. पूर्वेच्या अंगाला दिसली वाळू, तिनं पिवळी भरली. मग यंत्रानं जुन्यावर नवा नकाशा ठेवला आणि सांगितलं, पूर्वेचं पोवळं गेलं. गुलाबी होतं तिथे पिवळं झालं, म्हणजे मरून त्याचा चुरासुद्धा झाला. संपलं.

कचेरीत सुतक आल्यासारखं झालं. काहींना तर आपण ते पोवळं लहानपणापासून ओळखत होतो असं वाटायला लागलं. यज्ञेश्वरही घरी येऊन सुस्कारा टाकत म्हणाले, "आमचं पूर्वेकडचं गेलं." सरोजिनीबाईंनी विचारलं, "कोण पूर्वेकडचं? त्यांच्याकडे भेटायला जायचंय का?"

आपण ते पोवळं कसं काढलं होतं, हे यज्ञेश्वर विसरले होते असं नाही. पण त्यांचा हिशेब सरळ होता. आपण काढलं, म्हणजे ते होतं. आता नाही, म्हणजे मेलं.

एका दुपारी कोचीच्या कौशल्याबाई आल्या. पोवळ्यांच्या मोठ्या जाणकार, डॉक्टर, आयुष्य पाण्यात काढलेलं. बोलायच्या हिंदीतून, आणि ती हिंदी यज्ञेश्वरांच्या हिंदीइतपतच हिंदी होती, त्यामुळे दोघांचं छान जमलं. संध्याकाळच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं, त्याआधी पुढच्या तीन वर्षांच्या कामावर सही व्हायची होती. म्हणून आमोदनं काजूकतली आणवली होती.

बाईंनी नकाशा भिंतीवर पाडून दाखवला. पूर्वेचा भाग आता मासेमारीला बंद करायचा विचार आहे, म्हणाल्या. होड्या, जाळी, नांगर सगळं थांबलं तर पोवळं परत धरेल. फक्त तिथले कोळी ऐकत नाहीत. मोठा मासा गळाला लागायला आधी चारा म्हणून बारका जिवंत मासा लागतो, आणि तो त्यांना नेमका तिथेच मिळतो. ती जागा बंद झाली तर होड्या किनाऱ्यावर उलट्या घालाव्या लागतील.

"और बोलते क्या हैं मालूम?" बाई हसून म्हणाल्या. "बोलते हैं, उधर कोरल कभी था ही नहीं. रेती है. बाप-दादा के टाइम से उधर लंगर डालते हैं."

सगळे हसले. आमोद म्हणाला, "मॅडम, उनको मछली चाहिए, वो तो ऐसाही बोलेंगे. सॅटेलाइट थोडीच झूठ बोलता है."

"और ये तो आपके सबसे अच्छे आदमी का काम है," बाईंनी यज्ञेश्वरांकडे पाहून मान लववली.

यज्ञेश्वरांच्या हातातली काजूकतली तोंडापर्यंत जाऊन थांबली. कसब्यात एखाद्या जागेचा वाद असता तर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असतं? तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं असतं, बाबा, इथे आधी काय होतं? इथे म्हातारे आपण होऊन सांगत होते आणि काचेच्या खोलीत बसून सगळे त्यांना हसत होते. त्यांना पडद्यावर तो दह्याचा गोळा लख्ख दिसायला लागला. पोवळं मेलंच नव्हतं. मरायला आधी जन्मावं लागतं, आणि ते जन्मलं होतं हडपसरला, या उजव्या हातातून.

कुणी विचारत नव्हतं. कतली खाल्ली असती, मान डोलवली असती, तर आयुष्यभर सांभाळलेलं नाव तसंच चकचकीत राहिलं असतं. फक्त तिकडे होड्या उलट्या पडल्या असत्या, आणि त्या होड्या कसब्यातून दिसत नाहीत.

त्यांनी कतली बशीत ठेवली. "वो लोग सच बोलता है," ते म्हणाले. "उधर ढग था."

"ढग?"

"बादल, मॅडम," अपेक्षानं मदत केली.

"बादल था, नीचे कुछ दिखता नहीं था. हमने अंदाज से भरा." आणि मग छातीवर दगड ठेवून, "हमारा चुकलं."

मग आमोद मोठ्यानं हसला. "मॅडम, हमारे काका बहुत नम्र हैं." यज्ञेश्वरांना उभ्या जन्मात कुणी नम्र म्हटलं नव्हतं, तेही नेमकं आत्ता म्हणावं! बाईही हसल्या. इतकी सुबक रेघ कुणी अंदाजानं काढतं का, म्हणाल्या. तपासणीच्या यंत्रानंसुद्धा पास केलीय.

आमोद खाली वाकून मराठीत कुजबुजला, "काका, प्लीज. आज सही आहे."

"म्हणून तर आज बोलतोय. सही झाल्यावर बोलून काय उपयोग? तो जुना फोटो काढा, ढग दाखवतो."

"तो कुठल्यातरी सीडीवर आहे. ऑफिस हलवलं तेव्हा कुठे गेली कुणास ठाऊक."

आता आली का पंचाईत! ज्या माणसानं आयुष्यभर अख्ख्या पेठेला आपलं बरोबर आहे हे पटवलं, त्याला एकदा आपलं चूक आहे हे पटवायचं होतं, आणि कुणी ऐकायला तयार नव्हतं. महिपती तिथे असते तर त्यांनी नक्की विश्वास ठेवला असता.

यज्ञेश्वर उठले. "अपेक्षा, नवा फोटो काढ. मी बाहेर जातो. मी नसताना त्यावर कुठेही पांढरं झाक. मग मी ते भरतो, आणि झाकण काढून बघू."

ते फिल्टरपाशी जाऊन स्वतःच्याच फोटोकडे पाठ करून उभे राहिले. अपेक्षानं हाक मारली तेव्हा आत आले, खुर्चीत बसले, पांढऱ्या डागाची दोन टोकं पाहिली आणि झरझर मधलं पोवळं भरलं. अपेक्षानं झाकण काढलं.

खाली पोवळंच होतं. तसंच्या तसं. रेघेला रेघ लागून.

टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "वाह!" आमोदनं सहीचं पेन बाहेर काढलं.

"टाळ्या कसल्या वाजवताय!" यज्ञेश्वर कडाडले. "हे नशिबानं बरोबर आलं! अपेक्षा, तू कुठे झाकलंस?"

"तुम्हाले सोपं जावं म्हणून सोपी जागा घेतली ना, काका."

"कुणी सांगितलं सोपी घ्यायला? अवघड घे. जिथे मला अजिबात येणार नाही तिथे झाक."

ते पुन्हा बाहेर गेले. देवापुढे उभं राहून माणसं काय काय मागतात. यज्ञेश्वरांनी पाण्याच्या फिल्टरपुढे उभं राहून मागितलं की या वेळी चुकू दे.

आत आले. दोन टोकं पाहिली. दोन्हीकडे गुलाबी पोवळं. मधे गुलाबी पोवळ्याचा पूल जोडून दिला, अगदी पहिल्यासारखा सुबक, कुठे फट नाही. यंत्रानं शंभर वेळा पास केला असता. अपेक्षानं झाकण काढलं.

खाली गर्द निळं पाणी होतं. पोवळ्याच्या कड्यात एक अरुंद खोल वाट होती, होड्यांना आतल्या पाण्यात ये-जा करायची एवढी एकच. यज्ञेश्वरांनी बेटाचं दारच बुजवून टाकलं होतं.

"चुकलं!" यज्ञेश्वर खुर्चीतून उठून टाळी वाजवत म्हणाले. "बघा, साफ चुकलं! मॅडम, देखो, एकदम गलत!" नातवंडाचं तोंड पाहावं तशा आनंदानं ते त्या निळ्याकडे बघत होते. कचेरीतल्या पोरांना काकांना इतकं खूश कधी पाहिल्याचं आठवेना.

कौशल्याबाई हसल्या नाहीत. त्या उठून पडद्यापाशी आल्या आणि त्यांनी ते बुजलेलं दार निरखलं. पाण्यात आयुष्य काढलेली बाई, तिला ती वाट कुणी समजावून सांगायला नको होती. मग त्यांनी पूर्वेच्या अंगावर बोट ठेवलं. "यहाँ भी ऐसेही?"

"वहाँ भी ऐसेही."

बाईंनी आमोदकडे पाहिलं. हरवलेली सीडी चहा येईपर्यंत सापडली. ढग होता तिथेच होता.

सही त्या दिवशी झाली नाही. समुद्र खवळलेला होता, बोट जाण्यासारखी नव्हती. पावसाळा सरल्यावर माणूस पाठवून पूर्वेची बाजू पाण्यात उतरून बघू आणि तोवर बंदी नको, असं ठरवून बाई गेल्या. जाताना डब्यातली काजूकतली घेऊन गेल्या, ती मात्र आमोदनं आपण होऊन दिली. फळ्यावरचा फोटो दुसऱ्या दिवशी उतरला. यज्ञेश्वरांना आता कुणी काकांसारखं करा म्हणेना. त्यांना फक्त ढगांचं काम मिळालं. ढगाभोवती रेघ फिरवायची, आत माहीत नाही असं लिहायचं. पहिले काही दिवस ते शब्द लिहिताना त्यांची बोटं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची. मग सरावली.

घरी यातलं काही सांगितलं नाही. सरोजिनीबाईंना एवढंच दिसलं की स्वारी हल्ली डब्यांना हात लावत नाही.

दसऱ्यानंतर कोचीहून आमोदला फोन आला. बोट जाऊन आली. पूर्वेला वाळू आहे, स्वच्छ पांढरी वाळू, आणि तिच्यात जुने गंजलेले नांगर. पोवळं तिथे कधीच नव्हतं. कोळ्यांचं मासे धरणं चालू राहील. आणि कामही आमोदकडेच राहील, कारण जिथली माणसं आपली चूक आपण होऊन सांगतात ती कंपनी बरी, असं बाईंचं मत पडलं. आमोदनं हे वाक्य लगेच कंपनीच्या जाहिरातीत घातलं.

त्या संध्याकाळी यज्ञेश्वर लवकर घरी आले आणि चपला काढायच्या आधीच सरोजिनीबाईंना सगळं सांगून टाकलं. ढग, गुलाबी रंग, कोळी, फिल्टरपुढचा नवस, बुजवलेलं दार, सगळं. सरोजिनीबाई कणीक मळत होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात की माझं चुकलं."

"म्हणालो."

"आणि कुणाला पटेना."

"पटेना."

"मग बोट गेली, पाण्यात माणसं उतरली, तर तुम्ही खरंच चुकला होतात?"

"खरंच."

"म्हणजे याही खेपेला तुमचंच बरोबर निघालं!" सरोजिनीबाईंनी कणकेचा गोळा परातीत आपटला. "धन्य आहे बाई. चुकायचं ठरवलंत तर तेसुद्धा बिनचूक."

आता उत्तर येणार म्हणून त्या तयारीत राहिल्या. पण यज्ञेश्वर नुसते पाटावर बसून हसत होते. सरोजिनीबाईंनी कणकेचा हात पदराला पुसला, जवळ आल्या आणि त्यांच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघितलं.